बसणाऱ्याचं दुखणं

"काय काम करता?" असं कोणी विचारलं की पुतळेकाका सांगायचे, "बसतो." ऐकणारा हसायचा. त्यांचा मेहुणा तर चारचौघांत म्हणायचा, "आमचे दाजी बसून खातात, अगदी शब्दशः!" आणि स्वतःच्याच विनोदावर मांडी थोपटायचा. काका हसून घ्यायचे. पण बसणं हे काही खायचं काम नव्हे. त्या मेहुण्याला लाकडी स्टुलावर सलग चाळीस मिनिटं बसवलं असतं, नाकावर माशी आली तरी हात हलवायचा नाही असं बजावलं असतं, तर दहाव्या मिनिटाला त्याची थट्टा जिरली असती.

काका चित्रकलेच्या शाळेत मॉडेल म्हणून बसत. सतरा वर्षं झाली होती. त्याआधी ते एका गोदामात खोकी बांधायचे. एकदा प्लास्टरची पोती घेऊन शाळेत आले, पावतीवर सही मिळेपर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले, आणि अर्ध्या तासाने वर बघतात तर तेव्हाचे म्हातारे सर त्यांचं चित्र काढून मोकळे झालेले. "तुमच्यासारखं बसणारा माणूस मी पाहिला नाही," सर म्हणाले. गोदामात वीस वर्षांत काकांना असं कोणी काही म्हटलं नव्हतं. पुढे गोदाम बंद पडलं तेव्हा ते सरळ इथे आले.

बसण्याची एक रीत असते. पहिल्या दिवशी सर पोज ठरवतात आणि मॉडेलच्या पावलांभोवती, स्टुलाच्या पायांभोवती खडूने रेघ मारतात. चाळीस मिनिटं झाली की दहा मिनिटं सुट्टी. परत आल्यावर त्याच खुणांत पाय ठेवायचे, म्हणजे चित्र बिघडत नाही. दुसरे मॉडेल येऊन खाली वाकून खुणा शोधायचे. काका न बघता जायचे आणि पाय जागच्या जागी पडायचे. बाहीची चुणीसुद्धा पहिल्यासारखी पडते, असं मुलं म्हणायची. म्हणून तर नाव पडलं पुतळेकाका. नवे सर आले, मुलांच्या कितीतरी तुकड्या आल्या नि गेल्या, नाव राहिलं. काकांना ते नाव आपल्या खऱ्या नावापेक्षा जवळचं वाटायचं.

दुखणं सुरू झालं ते दोन वर्षांपूर्वी. आधी नुसती खाज, मग शौचाला गेल्यावर रक्ताचे थेंब, मग मोड बाहेर यायला लागले. सुरुवातीला बोटाने सारले की आत जायचे, पुढे तेही ऐकेनासे झाले. आता असल्या जागेचं दुखणं सांगायचं तरी कोणाला? डोकं दुखलं तर माणूस घरभर सांगत सुटतो, गुडघ्याचं तर कौतुकच करून घेतो. पण मूळव्याध म्हटली की समोरचा आधी हसतो आणि मग औषध सुचवतो. काकांना ते हसणं नको होतं. मेहुण्याला तर आयुष्यभर पुरेल एवढं खाद्य मिळालं असतं. तेव्हा काकांनी दुखणं अंगावर काढलं.

त्यात अक्कल अशी पाजळली, की ज्या दिवशी बसायचं असेल त्याच्या आदल्या संध्याकाळपासून जेवण तोडलं आणि पाणीही. खाल्लं नाही तर जावं लागणार नाही, आणि प्यालं नाही तर मध्येच उठावं लागणार नाही. पाण्याचा हिशेब तर ते सतरा वर्षं तसाच करत आले होते. बसणाऱ्याचं पोट हे असं सुकत सुकत दगड झालं, आणि दगडाने जे करायचं ते केलं.

घरात त्यांची बायको आणि ते, दोघंच. बायको एका लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर काम करायची. शाई, गंज, तेल, घाम, कशाला काय लावायचं हे तिला वासावरून कळायचं. अशा बाईच्या घरात काका आपली चड्डी लपवून न्हाणीघरात गरम पाण्यात भिजवायचे आणि स्वतः धुऊन वाळत घालायचे. ती बघायची आणि आपल्या कामाला लागायची. काकांना वाटायचं, तिला पत्ता नाही.

वर्षअखेरच्या परीक्षेत हे सगळं निभावेनासं झालं. परीक्षेची पोज तीन दिवसांची. पाठ ताठ, दोन्ही हात मांड्यांवर, नजर खिडकीच्या कडीवर. बावीस मुलं अर्धगोलात आपापल्या लाकडी बाकड्यांवर बसलेली, समोर मोठे कागद, हातात कोळशाच्या कांड्या. पहिला दिवस काकांनी दात-ओठ खाऊन काढला. दुसऱ्या दिवशी स्टूल म्हणजे निखारा झाला. उजव्या बाजूला ठणका इतका, की नकळत सगळा भार डाव्या बाजूवर गेला. सर मधूनमधून फेरी मारायला येत. त्यांच्या बुटांचा आवाज व्हरांड्यात आला की काका दोन्हीकडे सारखा भार टाकून ताठ होत, डोळ्यांपुढे काजवे चमकत, आणि सर गेले की पुन्हा डावीकडे कलत. सर जेमतेम दोन मिनिटं थांबायचे, मुलं मात्र तीन तास बघत होती.

डाव्या टोकाला एक मुलगी बसायची. कमी बोलायची, काम करता करता कोळशाने कपाळापर्यंत काळी व्हायची. काका मनातल्या मनात तिला काजळी म्हणायचे. सुट्टीत पाण्याचा पेला घेऊन ती तेवढी यायची. "काका, घ्या ना थोडं," ती म्हणायची. काका मान हलवून नको म्हणायचे. तिसऱ्या दिवशी तिने पेला पुढे केला नाही, नुसतं विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

"छे, मला काय झालंय!" काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी शेवटी चित्रं भिंतीवर लागली. सर दोरीला शिशाचा गोळा बांधलेला ओळंबा घेऊन एकेका चित्रापुढे जाऊ लागले. काजळीच्या चित्रापुढे थांबले.

"हे काय? माणूस पडतोय तुझा."

"काका तसेच बसले होते, सर."

"पुतळेकाका? वाकडे?" सरांनी असं म्हटल्यावर वर्ग हसला. सर वळले. "काय हो काका, वाकडे बसला होतात?"

काकांनी त्या चित्राकडे पाहिलं. डावा खांदा उतरलेला. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला नव्हता, बोटं विजारीत रुतली होती. जबडा आवळलेला. दोन वर्षं जे बायकोला सांगितलं नव्हतं, ते एका पोरीने त्या दुखण्याचं नावही ठाऊक नसताना कागदावर उतरवलं होतं. "हो" एवढंच म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की का, कुठे दुखतंय, हे आलं. मग बावीस जोड्या डोळे त्या जागेकडे वळले असते. आणि सतरा वर्षांचं ते नाव त्याच मिनिटाला गेलं असतं.

"नाही सर," काका म्हणाले. "मी नेहमीसारखाच बसलो होतो."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. जिना उतरताना एक पायरी कमी निघाली की माणूस दचकतो, तशी. मग तिने बाकीच्यांकडे पाहिलं. काकांना कलताना त्यांनी पाहिलं नव्हतं असं थोडंच, चित्रात ताठ काढलं म्हणून? पण सगळे आपापल्या चपला बघण्यात गुंतले होते. सरांनी कोळशाची जाड कांडी घेतली आणि तिच्या चित्रावर डोक्यापासून स्टुलापर्यंत एक उभी काळी रेघ ओढली. "आधी बघायला शीक," ते म्हणाले.

त्या दिवशी काका घरी येऊन उभ्यानेच जेवले. बायको समोर बसून बघत होती.

"रक्ताला गरम पाणी दाखवायचं नसतं," ती म्हणाली. "डाग पक्का बसतो. थंड पाणी घ्यायचं. दोन वर्षं सांगीन म्हणतेय."

काकांचा घास तोंडातच राहिला.

"डाग काढणारीच्या घरात डाग लपवता? मी म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तीस वर्षं झाली आपल्याला. मी परकी आहे का हो?" ती चिडली होती, आणि चिडता चिडता तिचे डोळे भरून आले. काकांनी ताट खाली ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं, दुखण्याचं आणि त्या मुलीचंही.

"मग उद्याच जाऊन सांगा त्या सरांना," बायको म्हणाली.

"आधी बरा होऊ दे. मग ताठ मानेने जाऊन सांगतो."

बायकोने ताट उचललं. तिला नवऱ्याची ही रीत आता पाठ होती.

डॉक्टर निघाल्या बाई, त्याही तरुण. काकांना दारातूनच परत फिरावंसं वाटलं, पण मागे बायको उभी होती. तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी हात धुतले आणि विचारलं, "काका, काम काय करता?"

"बसतो," काका म्हणाले आणि हसण्याची वाट बघत थांबले. त्या हसल्या नाहीत. किती वेळ, कशावर, मध्ये पाणी किती पिता, असं सगळं विचारून त्यांनी लिहून घेतलं. मग सांगितलं, "तीन मोड आहेत. औषधाची वेळ गेली. कापावंच लागेल."

"परत बसता येईल?"

"येईल. तीन-चार आठवडे. एखाद्याला जास्त लागतात."

त्या 'एखाद्याला'वर काका अडकले. गोदामातल्या एका जुन्या सोबत्याने असंच ऑपरेशन करून घेतलं होतं आणि पुढे जन्मभर तो खुर्चीच्या कडेवर टेकायचा. काकांनी आणखी दोन आठवडे घालवले. मलमं लावली, उशी बदलली. ज्याला दुसरं काहीच येत नाही त्याने आपलं बसणंच कोणाच्या सुरीखाली कसं द्यायचं? पण शाळेला सुट्टी लागली होती, आता नाही तर पुन्हा वर्षभर नाही. आणि डोळे मिटले की ती काळी रेघ दिसायची. एका सकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, "घे ती तारीख."

ऑपरेशन म्हणजे पाठीत एक सुई आणि कमरेखालचा भाग दुसऱ्याच कोणाचा तरी झाल्यासारखं वाटणं, बस. तेवढ्यात संपलंसुद्धा. खरी परीक्षा घरी आल्यावर होती. काकांनी तीच जुनी अक्कल चालवली. दुखेल या धास्तीने तीन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही, पाण्याचे घोट मोजून घेतले. चौथ्या दिवशी जावं लागलंच. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून बायको टेकून उभी होती. आत काकांनी टॉवेलचं टोक दातांत धरलं होतं. काचेचे तुकडे बाहेर पडताहेत, असंच त्यांना वाटलं. पन्नाशी उलटलेला माणूस लहान मुलासारखा रडला, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही, इतकं दुखत होतं.

"श्वास सोडा," बायको दाराबाहेरून म्हणत होती. "रोखू नका. सोडा."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर चांगलंच झापलं. मग पाणी, फळं, भाज्या आणि पोट साफ राहायची पावडर यांचा मारा सुरू झाला. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात बसायचं. ज्याचं बसण्यात एवढं नाव, त्याला त्या प्लास्टिकच्या टबात उतरायला बायकोचा खांदा धरावा लागत होता. ती लाँड्रीत उशिरा जायची आणि लवकर यायची. त्यांचे कपडे आता तीच धुवायची, थंड पाण्यात, उघड उघड.

मेहुणा बघायला आला तो मध्ये भोक असलेली हवेची गोल उशी घेऊन. "दाजी, तुमचं सिंहासन!" म्हणत त्याने ती फुगवली आणि खो खो हसला. काका भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तासाभराने निघताना तो दाराशी घुटमळला, बहीण आत गेल्याचं बघून परत आला आणि खाली वाकून पुटपुटला, "दाजी, त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्याल का?" दोन वर्षांत काका पहिल्यांदा मनापासून हसले. मात्र हसताना टाके ओढले गेले, आणि ते हसूही महागात पडलं.

तीन आठवडे म्हणता म्हणता महिना उलटला. एक जखम भरेना. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, शाळेतून निरोप आला की तूर्त दुसरा माणूस बसवलाय, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटलं की माणसाला काय करायचं ते बरोबर कळतं. काका कुशीवर पडून दुपारच्या दुपार खिडकीतलं समोरच्या घराचं छप्पर बघत. कुठल्या क्षणी आपण 'नाही' म्हणालो, ते पुन्हा पुन्हा आठवत. काय बोलायचं ते त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. पोरी, तुझं बरोबर होतं. एवढं साधं वाक्य, पण पडल्या पडल्या म्हणून बघतानाही ते अर्ध्यावर तुटायचं.

"पत्र तरी पाठवा शाळेत," बायको एकदा म्हणाली.

"असलं पत्रात लिहायचं का? समोर सांगतो," काका म्हणाले.

नवव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मोकळं केलं. काका शाळेत गेले, स्टुलावर बसले. दोन्हीकडे सारखा भार, कुठेही टोचणी नाही. एरवी त्यांना आनंदाने भरून आलं असतं. पण डाव्या टोकाच्या बाकड्यावर एक दाढीवाला मुलगा बसला होता. काकांना वाटलं, काजळी उशिरा येईल. चाळीस मिनिटं झाली तरी ती आली नाही. सुट्टी होताच ते सरांपुढे जाऊन उभे राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरून, जसं सुचेल तसं सांगून टाकलं. मूळव्याध होती, वाकडाच बसलो होतो, तुम्हाला खोटं सांगितलं.

सरांनी हातातल्या फडक्याची घडी केली. "अहो, मग बोलायचं नाही का तेव्हाच? उशी दिली असती, पोज बदलली असती. यात लपवण्यासारखं काय होतं?"

काकांनी डाव्या टोकाच्या बाकड्याकडे पाहिलं.

"ती वरच्या मजल्यावर गेली," सर म्हणाले. "कापडाच्या विभागात. सुट्टीतच अर्ज दिला तिने. त्या एका चित्रामुळे नसेल हो." मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "चांगली होती. सगळ्यांत चांगली होती. तिला म्हणावं, सर परत बोलावताहेत."

काका दोन जिने चढले. जखमेच्या जागी चढताना ओढ बसत होती, तरी थांबले नाहीत. वरच्या खोलीत लांब टेबलं होती आणि मुली आखीव चौकटींच्या कागदांवर मोजून मोजून नक्षीचे चौकोन भरत होत्या. ती शेवटच्या टेबलाशी होती. चेहरा स्वच्छ, हात स्वच्छ. काकांनी आधी ओळखलंच नाही.

"काका! बरे आहात ना? आजारी होतात म्हणे," ती उठून म्हणाली.

"मूळव्याध होती," काका म्हणाले. टेबलावरच्या दोन मुलींनी वर पाहिलं. कोणी हसलं नाही. "परीक्षेच्या वेळी होती. मी वाकडाच बसलो होतो, पोरी. तुझं बरोबर होतं. मी लाजेपायी सरांना खोटं सांगितलं."

तिने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. "खूप दुखत होतं?"

"बसवत नव्हतं."

"उजवीकडे?"

"उजवीकडेच."

तिने हळूच मान हलवली. "मी सुट्टीत डोळे तपासून घेतले, काका. दोन ठिकाणी. दोघंही म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग मला जास्तच भीती वाटली." तिने टेबलावरच्या चौकोनांकडे पाहिलं. "डोळे चांगले असून नसलेलं दिसतं, म्हणजे काय समजायचं? म्हणून इथे आले. इथे मोजता येतं."

काकांना वाटलं, जमीन दुभंगावी. "आता ये ना खाली. सरांना सगळं सांगितलंय मी. ते बोलावताहेत तुला. सगळ्यांत चांगली होतीस, असं म्हणाले."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, पूर्वी बाकड्यावरून बघायची तसं, डोळे किंचित बारीक करून. क्षणभर काकांना आशा वाटली.

"काका," तिने विचारलं, "आत्ता तुम्ही सरळ उभे आहात ना?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं.

"हो," काका म्हणाले.

"बरं," असं म्हणून ती खाली बसली आणि पुढचा चौकोन भरायला लागली.